मी तिथे नव्हतो

माझ्या आजाराबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक ऐकीव आहे. टायफॉइड झालेला माणूस ताप कसा चढला ते सांगतो, मुतखडावाला कळा कशा आल्या ते रंगवून सांगतो. माझा आजार फिटचा. फिट येते तेव्हा मी नसतोच. शुद्धीवर येतो तोवर खेळ संपलेला असतो आणि भोवती फक्त बघे उरलेले असतात. म्हणून हे मी लिहीत असलो तरी यातली निम्मी हकीकत माझ्या बायकोची, सुमनची आहे. तिने हे वाचून काही ठिकाणी दुरुस्त्या केल्या. त्या कुठे, ते सांगणार नाही. नवऱ्याचीही काही अब्रू असते.

चप्पल

मी नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. घर कामठीला, रोजची ये-जा बसने. आमची मुलगी चिमी तेव्हा नुकती चालायला शिकली होती. त्या दुपारी साहेबांची बोलणी खाऊन आम्ही दोघे-तिघे चहाला खाली उतरलो. मी चहावाल्याला ‘साखर कमी’ म्हणालो, एवढे आठवते. त्यानंतरचे आठवते ते असे: मी फुटपाथवर आडवा, जीभ चावलेली, पँट ओली, आणि कुणीतरी माझ्या नाकाला चामडी चप्पल लावून धरलेली.

“अजून सुंघवा गा, अजून सुंघवा! आला, होशमध्ये आला!”

ती चप्पल कोणाची होती ते आजवर कळले नाही. ज्याची असेल त्याचे आभार, त्याचा हेतू चांगला होता. पण वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो की चपलेने काही होत नाही, कांद्यानेही नाही. फिट बहुधा आपली आपण थांबते. माणसाला कुशीवर वळवा, गर्दी हटवा, तोंडात काही कोंबू नका. थांबतच नसेल तर दवाखाना गाठा.

घरी आल्यावर शेजारच्या बायका गोळा झाल्या. कुणी बाहेरचे झाले म्हणाली, कुणी मांत्रिकाचा पत्ता दिला. माझ्या आईने सगळ्यांना चहा पाजला आणि मग आपले म्हणणे मांडले. “छप्पन साली दीक्षा घेतली तवाच देव्हारा कन्हान नदीत सोडून आलो आम्ही. आता पोरावरून लिंबू उतरवू काय? तू दवाखान्यात जाय गा बाबू.” आईचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, त्यांत हा मी फार वरचा धरतो.

वॉर्ड

मोठ्या सरकारी दवाखान्यात काही दिवस भरती होतो. सकाळी फिनाइलने फरशी पुसायची, नातेवाइकांना बाहेर हाकलायचे, चादरी ओढून सरळ करायच्या, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. मागे शिकाऊ पोरापोरींचा घोळका. माझ्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढला होता. त्या चिकट लगद्याने केस उभे राहिले होते आणि तशा अवतारात माझी परीक्षा चालायची.

“फिटची सुरुवात कुठून होते? आधी हात की मान?”

“माहीत नाही, सर.”

“किती वेळ टिकते?”

“माहीत नाही.”

“मग तुम्हाला माहीत काय आहे?”

पोरे हसली. मला चपलेचा वास माहीत होता, पण तो कुणी विचारला नाही.

शेजारच्या खाटेवर सावनेरकडचा एक खाणकामगार पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. फेरी गेल्यावर तो म्हणाला, “तुमचं एक बरं हाय गा बाबू. तुमाले आपलं दुखणं पाहा नाही लागत.” तेव्हा मला त्याचा राग आला. आता त्याची आठवण आली की हसू येते.

घरी सोडताना सांगितले, “मिरगी आहे. गोळ्या घ्याव्या लागतील, बरीच वर्षे.” खरे सांगतो, मला मरणाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती भर सदरमध्ये पुन्हा पँट ओली होण्याची. कार्यालयात कोण काय बोलेल याची. आणि चिमी मोठी झाल्यावर तिच्या सोयरिकीच्या वेळी कुणी ‘बापाला मिरगी आहे’ म्हणेल याची. बसमध्ये सुमनने माझा हात धरला. चारचौघांत तिने हात धरण्याची ती पहिलीच वेळ होती. तेही पडू नये म्हणून, असे ती म्हणते.

बाई, तुम्ही सांगा

पुढे आम्ही नागपुरातच धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे जाऊ लागलो. वयस्क, बोलायला थोडे तिखट, पण मनाचे साफ. त्यांचा कंपाउंडर पेशंटला गावाच्या नावाने हाक मारायचा. “कामठीवाले, चला!” आम्ही दोघे आत जायचो. डॉक्टर माझी नाडी पाहायचे, डोळ्यांत उजेड टाकायचे आणि मग खुर्ची सुमनकडे वळवायचे.

“बाई, तुम्ही सांगा. यांना काय विचारायचं? हे काही तिथे नव्हते.”

सुरुवातीला ती लाजली. मग एके दिवशी शब्द अपुरे पडले म्हणून तिने चक्क करून दाखवले. “आधी हे असे पाह्यतात,” म्हणत तिने भिंतीवर नजर लावली. “मंग तोंड असं चालते, पान खाल्ल्यावानी. मंग ह्या हातानं शर्टाचं बटन चाचपत राह्यतात. हाका मारल्या तरी ओ नाही देत.” डॉक्टर टेबलावर वाकून पाहत होते. “पुन्हा दाखवा. मान कुठल्या बाजूला जाते?” तिने पुन्हा दाखवले. त्यावरून त्यांनी ओळखले की मोठ्या फिटखेरीज मला लहानही येतात. त्यांत मी पडत नाही, नुसता काही वेळ हरवतो आणि परत आल्यावर मला पत्ता नसतो.

त्या वेळी मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचत बसायचो. आपल्याच बायकोने परक्या माणसासमोर आपली नक्कल करावी आणि त्याने ‘वन्स मोअर’ म्हणावे, हे मला अजिबात सहन व्हायचे नाही. येताना बसमध्ये मी तिच्याशी बोलायचो नाही. गोळ्यांनी मोठ्या फिट थांबल्या, पण हा अबोला काही थांबला नाही.

गारव्यातले मशीन

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे डॉक्टरांच्या भावाने परदेशातून त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. धंतोलीत दवाखान्यापुरती तरी ती मोठी बातमी होती. मशीनला धूळ आणि उकाडा चालत नाही म्हणून काचेची केबिन झाली, तिला एसी बसला. नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पेशंट बाहेर खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, कूलरपुढे जागेसाठी भांडताहेत आणि मशीन आत गारव्यात बसले आहे. दारावर पाटी लागली: चपला बाहेर काढा, आत फक्त पेशंटने यावे. कंपाउंडरही बदलला. कामठीवाले, काटोलवाले सगळे गेले, आता तो नंबर पुकारायचा.

आत डॉक्टर मशीनकडे तोंड करून, माझ्याकडे कान करून बसायचे. दोन बोटांनी टाइप करायचे, कोंबडीने दाणे टिपावे तसे. मशीन ज्या क्रमाने विचारील त्या क्रमाने ते मला विचारायचे. मोठी फिट? नाही. छोटी फिट? नाही. गोळी चुकली? नाही. झोप? ठीक. इतर त्रास? नाही.

खोटे कशाला बोलू, मला ते मशीन फार आवडले. मी पडलो कारकून. फायलीत जे नाही ते घडलेले नाही, हा आमच्या खात्याचा धर्म. पूर्वी कंपाउंडर माझे कार्ड शोधताना तीन कपाटे उपसायचा आणि भलत्याच माणसाचे कार्ड आणून ठेवायचा. आता बटण दाबले की माझा सगळा इतिहास समोर. नक्कल नाही, ‘पुन्हा दाखवा’ नाही. एकदा डॉक्टरांनी पडदा वळवून मला दाखवला. हिरव्या अक्षरांत शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य. “उत्तम चाललंय,” ते म्हणाले. मला शाळेतसुद्धा इतके चांगले प्रगतिपुस्तक मिळाले नव्हते.

बाहेर सुमन बाकावर माझ्या चपला सांभाळत बसलेली असायची.

“काय विचारलं?”

“सगळं.”

“मंग मले काहून नाही बलावलं?”

“आता गरज नाही वं. मशीन हाय.”

स्कूटर

आजारी पडण्याच्या कितीतरी आधी मी स्कूटरसाठी नंबर लावला होता. तो लागला आजारानंतर. मेहुण्याने ती चालवत घरी आणली आणि अंगणात उभी केली. डॉक्टरांनी चालवायला साफ मनाई केली होती. मी रोज सकाळी ती पुसायचो, रविवारी किक मारून इंजिन ऐकायचो आणि पुन्हा ताडपत्री टाकायचो. गल्लीतल्या पोरांनी तिला ‘देव्हाऱ्यातली स्कूटर’ असे नाव ठेवले होते. आईला ते मुळीच आवडले नाही.

शून्यांची रांग लांबत गेली तशी डॉक्टरांनी गोळी कमी केली. काही महिन्यांनी आणखी कमी केली. आता पुढच्या, शनिवारच्या भेटीत ती बंद करायची की नाही ते ठरणार होते. बंद झाली की स्कूटर चालवायला हरकत नव्हती. चिमी आता शाळेत जायला लागली होती. मी तिला कबूल करून टाकले: सोमवारी तुला स्कूटरवर शाळेत सोडतो. पोरीने ते वर्गभर सांगितले.

रात्रीचे जेवण वाढताना सुमन म्हणाली, “पोरीले मी तुमच्या मागं बसू देणार नाही.”

“काहून?”

“परवा तुम्ही वरण समजून पेल्यातलं पाणी भातावर ओतलं. चिमीनं पाह्यलं.”

“माझं लक्ष नव्हतं.”

“लक्ष नाही, तुम्ही नव्हते. तोंड चालून राहिलं होतं, हात बटनावर होता. मी हाक मारली दोनदा.”

मला भातावर पाणी दिसल्याचे आठवत होते. ते चिमीने सांडले असे समजून मी तिला रागावलोही होतो. पण मी मागे हटलो नाही. दोन वर्षांची शून्ये माझ्या बाजूला होती. मी सुमनला म्हणालो की तुला भासच व्हायला लागलेत, तू सारखी माझ्या तोंडाकडे टपून असतेस. डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळते का? मशीनमध्ये सगळे आहे.

“मशीन आपल्या घरी राह्यते का?” ती म्हणाली. मग तिने भाताचे भांडे उचलले आणि आत गेली. पुढचे दोन दिवस घरात आई सोडून कुणी कुणाशी बोलले नाही.

काचेपलीकडून

शनिवारी आम्ही धंतोलीला गेलो. नंबर पुकारल्यावर मी चपला काढल्या. सुमन उठली तसे कंपाउंडरने पाटीकडे बोट दाखवले. ती परत बाकावर बसली.

डॉक्टर खुशीत होते. “आज बहुतेक तुमची सुटका,” म्हणाले आणि मशीनकडे वळले. मोठी फिट? नाही. छोटी फिट? नाही. एसीचा गार झोत मानेवर येत होता, एवढे मला आठवते. त्यानंतर माझ्यासमोर सुमन उभी होती. केबिनमध्ये, पायात चपला तशाच. तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता आणि डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले होते. मला वाटले, ही भांडायला आत घुसली. “तू काहून आली वं अंदर?” मी म्हणालो. माझी जीभ जड लागत होती.

आता मधले सांगतो. हे सुमनचे आहे.

ती काचेतून पाहत होती. मी बोलता बोलता थांबलो. माझी नजर समोरच्या भिंतीवर लागली, तोंड चालू लागले, उजवा हात शर्टाच्या बटणावर गेला. डॉक्टर पडद्याकडे पाहून काही विचारत होते आणि टाइप करत होते. मी ओ देत नव्हतो, त्यांनी मान वळवली नाही. ते पुढचे विचारत होते, पुढचे टाइप करत होते. काचेमुळे आतले काही ऐकू येत नव्हते. कंपाउंडर ‘चप्पल, चप्पल’ करत असताना तिने दार ढकलले.

“साहेब,” ती म्हणाली, “इकडं पाहा ना जरा.”

डॉक्टरांनी पाहिले तेव्हा मी परत येत होतो. बटणावरून हात खाली पडला होता.

मी हे मानायला तयार नव्हतो. मी म्हणालो की मी तुमचे प्रश्न ऐकत होतो. डॉक्टरांनी विचारले, “मी शेवटी काय विचारलं?” मी म्हणालो, छोटी फिट. त्यांनी पडद्यावरच्या पुढच्या ओळी बोटाने मोजल्या. मग म्हणाले, “त्यानंतर गोळी विचारली, झोप विचारली, इतर त्रास विचारला. तुम्ही गप्प होतात. गप्प म्हणजे नाही, असं धरून मी तिन्ही ठिकाणी ‘काही नाही’ टाइप केलं.”

ते उठले, बाहेर गेले आणि स्वतः एक स्टूल घेऊन आले. “बाई, बसा. कसं झालं ते दाखवा.”

“आता काय दाखवू?” सुमन म्हणाली. “आताच तर झालं. तुमच्यासमोर झालं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “समोर झालं, पण मी पाहिलं नाही,” ते म्हणाले. “चुकलं माझं. म्हणून म्हणतो, दाखवा.”

तिने दाखवले. केबिनमध्ये कॅलेंडर नव्हते. मान वळवायला जागा नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पूर्ण पाहिले. माझ्या बायकोचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणी नव्हते. ओठ चालत होते, हात पदराच्या काठाशी काहीतरी शोधत होता. ते संपेपर्यंत ती थांबली नाही. मला सोमवार दिसला. कामठी रोड, कोळशाचे ट्रक, हँडलवरचा हात बटण शोधायला निघालेला आणि मागे माझ्या कमरेला धरून बसलेली चिमी. रस्त्यात कपडे ओले होण्याची भीती मला ठाऊक होती. ही भीती त्याहून कितीतरी मोठी होती. मी डॉक्टरांसमोर रडलो. सुमनने पदराने माझे तोंड पुसले, चिमीचे पुसते तसे.

आरसा

गोळी पुन्हा वाढली. मशीन गेले नाही, जायचे कारणही नव्हते. माझा डोस कधी, किती आणि कशाने बदलला हे ते अजून बिनचूक सांगते आणि कार्ड शोधण्यात कुणाची सकाळ जात नाही. पण केबिनमध्ये आता एक स्टूल कायमचे आहे. डॉक्टर आधी खुर्ची आमच्याकडे वळवतात, सुमनचे ऐकतात, माझ्याकडे पाहतात. टाइप करायचे ते शेवटी, आणि काय टाइप केले ते आम्हाला मराठीत वाचून दाखवतात. सुमन एकदा म्हणाली, “बटन नाही साहेब, आता कॉलर चाचपतात.” त्यांनी ते खोडून पुन्हा टाइप केले.

ज्यांना हा आजार आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे. दवाखान्यात जाताना तुम्हाला रोज पाहणारे माणूस बरोबर न्या. आई असो, भाऊ असो, खोलीतला मित्र असो. दारावर पाटी असली तरी न्या. आत कुणी म्हटले की फक्त पेशंट बोलेल, तर नम्रपणे सांगा की पेशंट तिथे नव्हता. आणि ते माणूस घरी तुमची नक्कल करून दाखवील तेव्हा रागावू नका. मी बरीच वर्षे रागावलो, त्यात फक्त बसचा प्रवास वाईट गेला.

त्या सोमवारी चिमी पायी शाळेत गेली आणि मी तिच्याबरोबर चालत गेलो. तिने वाटभर माझ्याशी बोलणे टाकले होते. पुढे मेहुण्यानेच स्कूटरला गिऱ्हाईक आणले. त्या पैशांत एक मोपेड आली आणि शाळेच्या मैदानात सुमन ती शिकली. दोनदा पडली, तिसऱ्या वेळी मैदान सोडून थेट रस्त्यावर गेली. बऱ्याच काळाने, लहान फिटही थांबल्याचे सुमनने स्वतः डॉक्टरांना सांगितल्यावर, मला मागे बसायची परवानगी मिळाली. बायको पुढे आणि नवरा मागे हे पाहून कामठीचे लोक सुरुवातीला खूप हसले. चौकातला पानवाला ओरडायचा, “काहून गा, ड्रायव्हर ठेवली का?” मी हात हलवायचो. आता कुणी पाहतही नाही.

मोपेडला उजवीकडे एक आरसा आहे. त्यात मागून येणारे ट्रक दिसायला हवेत. सुमन मान वळवून ट्रक पाहते. आरसा तिने माझ्या तोंडाकडे फिरवून ठेवला आहे.